वहीऐवजी टॅब : मुलांना पडद्यावर मराठी अक्षर शिकवताना

घरात टॅब आहे, मूल मोठ्या शिशूत किंवा पहिलीत आहे आणि दुरेघी वह्यांची रद्दी साठत चालली आहे. मग ही सगळी गिरवागिरवी टॅबवरच का करू नये, असं बऱ्याच आईबापांच्या मनात येतं. करायला काहीच हरकत नाही. फक्त एक गोष्ट सुरुवातीलाच पक्की करून टाका: कागद गेला तरी चालेल, हातातली लेखणी जाता कामा नये. बोटाने पडद्यावर रेघोट्या ओढणं किंवा कीबोर्डवर 'क' दाबणं याला लिहायला शिकणं म्हणत नाहीत.

हे नुसतं जुन्या वळणाच्या माणसाचं मत नाही. नॉर्वेतल्या त्रॉन्हेमच्या विद्यापीठातल्या संशोधकांनी ३६ विद्यार्थ्यांना मेंदूतल्या लहरी मोजणारी जाळीची टोपी घालून शब्द लिहायला आणि टाइप करायला लावले. २०२४ मध्ये तो अभ्यास प्रसिद्ध झाला. हाताने लिहिताना मेंदूच्या वेगवेगळ्या भागांतली देवाणघेवाण टाइप करतानापेक्षा कितीतरी जास्त दिसली. 'हस्ताक्षर विरुद्ध कीबोर्ड' म्हणून त्याच्या बातम्या जगभर फिरल्या, पण एक बारीकशी गोष्ट बहुतेकांच्या नजरेतून सुटली. ते विद्यार्थी कागदावर लिहीतच नव्हते, डिजिटल पेनने टचस्क्रीनवर लिहीत होते. ती सगळी मोठी मुलं होती, म्हणून हा निष्कर्ष बालवाडीवर जसाच्या तसा चिकटवू नका. पण काम लेखणीचं आहे, कागदाचं नाही, एवढं त्यातून घ्यायला हरकत नाही.

पायरी १ : वय बघा

चार वर्षांच्या आतल्या मुलासाठी हा लेख बंद करा. त्या वयात रवा पसरलेलं ताट, रांगोळी, अंगणातली माती, कणकेचे गोळे हेच खरं. बोटांत ताकद आली, कात्रीने कागद सरळ कापता यायला लागला, खडू चिमटीत धरता आला की मग अक्षरांकडे वळायचं.

पडद्याच्या वेळेचं म्हणाल तर भारतीय बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०२१ मध्ये दिलेली मर्यादा साधी आहे: दोन वर्षांपर्यंत अजिबात नाही, दोन ते पाच वर्षं दिवसाला जास्तीत जास्त एक तास, पाच ते दहा वर्षं दोन तासांच्या आत. यात कार्टूनही आलं आणि आजोबांशी खेळलेला गेमही. लेखनाला त्यातली दहा-पंधरा मिनिटं पुरतात. पाच-सहा वर्षांचा हात त्यापुढे दमतो, आणि दमलेल्या हाताने काढलेलं अक्षर वळणाला वाईट सवयी लावतं.

पायरी २ : साधन निवडा

सगळ्यात स्वस्त म्हणजे एलसीडी पाटी. रस्त्यावरच्या खेळण्यांच्या दुकानातही दोन-चारशे रुपयांत मिळते. काळी पाटी, हिरव्या किंवा रंगीबेरंगी रेघा, बटण दाबलं की सगळं साफ. आत उजेड नसल्याने डोळ्यांवर झोत पडत नाही, आणि बॅटरी लागते ती फक्त पुसायला. जोर दिला की रेघ जाड उमटते, त्यामुळे मूल किती दाबतंय हेही दिसतं. खोट इतकीच की काहीच साठवता येत नाही आणि रेघा आखलेल्या नसतात. प्लास्टिकवर उमटणाऱ्या ओएचपी मार्करने वरून दोन आडव्या रेघा मारून घ्या, काम भागतं. अंधूक खोलीत मात्र यावर लिहायला बसवू नका, रेघा नीट दिसत नाहीत.

खरं सांगायचं तर फक्त कागदच वाचवायचा असेल तर दगडी पाटी अजून मिळते. तिला बटणही लागत नाही.

मोबाइल आणि पुढे रबरी गोळी असलेला शंभर-दीडशे रुपयांचा स्टायलस, ही जोडी घेऊ नका. ती गोळी बोटाच्या टोकाएवढी जाड असते. रेघ नेमकी कुठे उमटणार हे मुलाला दिसतच नाही, आणि तळहात टेकला की पडद्यावर भलतंच काहीतरी उमटतं. मग मूल हात हवेत धरून लिहायला लागतं. हवेत धरलेल्या हाताने चांगलं अक्षर येत नाही आणि ती सवय नंतर सुटत नाही.

खऱ्या कामाचा आहे तो टॅब आणि त्याचं स्वतःचं पेन. सॅमसंगच्या गॅलॅक्सी टॅब एस मालिकेतल्या बहुतेक टॅबबरोबर एस पेन येतं, त्यातल्या एस६ लाइटसारख्या स्वस्त टॅबबरोबरही ते खोक्यातच मिळतं. आयपॅडसाठी अ‍ॅपल पेन्सिल वेगळी विकत घ्यावी लागते, आणि घेताना एक बघून घ्या: २०२३ मध्ये आलेली यूएसबी-सी पेन्सिल दाब ओळखत नाही. लिहायला शिकणाऱ्याला दाबाची जाणीव यायला हवी असेल तर ती टाळलेली बरी. दुसरी अडचण आकाराची. पहिल्या दोन पिढ्यांची अ‍ॅपल पेन्सिल वीस ग्रॅमच्या वर भरते आणि लांबीला सोळा-सतरा सेंटिमीटर आहे. साध्या लाकडी पेन्सिलीपेक्षा ती बरीच जड. लहान मूल ती शेंड्याकडे धरतं आणि मागचा भार बोटांना ओढतो. निबेपासून दोन बोटं वर रबरी पकड चढवा, म्हणजे चिमूट जागेवर राहते.

ई-इंकचे, म्हणजे किंडलसारख्या कागदी दिसणाऱ्या पडद्याचे टॅब लिहायला छान असतात, कागदाच्या बरेच जवळ जातात. पण पहिलीतल्या मुलाच्या हातात तीस-चाळीस हजारांचं यंत्र द्यायचं की नाही, हे ज्याचं त्याने ठरवावं. मी देणार नाही.

पायरी ३ : काच खरखरीत करा

नवखे लोक हीच पायरी गाळतात, आणि सगळ्यात जास्त फरक हीच पायरी पाडते. काचेवर प्लास्टिकची निब घसरते. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका फ्रेंच-कॅनेडियन अभ्यासात दुसरीतल्या आणि नववीतल्या मुलांना एकदा टॅबवर ठेवलेल्या कागदावर बॉलपेनने आणि एकदा थेट पडद्यावर प्लास्टिकच्या टोकाच्या पेनने लिहायला लावलं होतं. पडद्यावर दोघांचंही अक्षर बिघडलं, पण वेगवेगळ्या तऱ्हेने. नववीतली मुलं जास्त जोराने आणि भरभर लिहायला लागली. दुसरीतली लहानगी अक्षराच्या मधेच थबकायला लागली, कारण हाताला खालून जो अडथळा जाणवायला हवा तो मिळत नव्हता.

यावर उपाय साधा आहे. कागदासारखा पोत असलेली खरखरीत फिल्म मिळते, 'पेपरलाइक' किंवा 'पेपर फील' म्हणून विचारा. पडद्याची चकाकी थोडी मरते आणि निब लवकर झिजते, म्हणून दोन-तीन जास्तीच्या निबा घेऊन ठेवा. निब एका बाजूने तिरकी झिजली की बदला.

पायरी ४ : बैठक आणि सेटिंग

टॅब उभा टेकवून त्यावर लिहायला लावू नका. तो सपाट हवा, किंवा मुलाच्या बाजूला किंचित उतरता. मांडी घालून बसणार असेल तर चौरंग उत्तम. आता एक बारीक गोष्ट. टॅबच्या खालच्या कडेजवळ लिहायला लागलं की मनगट कडेवरून खाली घसरतं आणि अक्षर वाकडं होतं. टॅबच्या जाडीएवढी एखादी जुनी वही त्याच्या पुढे लावून ठेवा, मनगटाला टेकू मिळतो. मूल डावखुरं असेल तर टॅबची वरची बाजू थोडी उजवीकडे वळवा आणि अ‍ॅपमध्ये डाव्या हाताचा पर्याय असेल तर तो चालू करा. हात बदलायला मात्र लावू नका.

सेटिंगमध्ये 'फक्त पेन' किंवा 'बोटाने रेखाटन बंद' असा पर्याय शोधा, म्हणजे तळहात बिनधास्त टेकता येईल. चिमटीने पान मोठं-लहान होतं ते कुलूपबंद करा. हे राहिलं तर मूल पान मोठं करतं, ढब्बू अक्षर काढतं, पुन्हा लहान करतं आणि 'बघ किती छान' म्हणून दाखवतं. ते अक्षर त्याच्या हाताचं नसतं. 'अनडू'चं बटण लपवता आलं तर लपवा. नाहीतर चुकलेलं अक्षर लगेच गायब करण्यातच सगळा वेळ जातो, आणि पाच अक्षरांतलं कुठलं बरं आलं ते तुलना करून बघायलाच मिळत नाही. अँड्रॉइडवर अ‍ॅप पिन करा, आयपॅडवर गाइडेड अ‍ॅक्सेस लावा, म्हणजे मूल त्या अ‍ॅपमधून बाहेर जात नाही. इंटरनेटही बंद ठेवा. 'ग' गिरवताना वर यूट्यूबची सूचना उतरली की 'ग' तिथेच संपला.

पायरी ५ : कित्ता तयार करा, शक्यतो स्वतःच्या हाताने

अक्षर गिरवून घेणारी तयार अ‍ॅप ढिगाने आहेत. बहुतेकांतली अक्षरं हिंदी वळणाची असतात. 'ल' आणि 'श' बघा, लगेच कळेल. राज्य शासनाच्या नोव्हेंबर २०२२ च्या निर्णयाप्रमाणे मराठीत पाकळीचा 'ल' आणि देठाचा 'श' प्रमाण आहे. शाळेत मूल हा 'ल' शिकणार आणि घरी टॅबवर उभ्या दंडाचा गिरवणार, असं नको. अंकांतही ५, ८, ९ बघून घ्या. गंमत म्हणजे संगणकाच्या लेखी दोन्ही 'ल' एकच. कुठला दिसायचा ते फाँटवर आणि काही वेळा भाषेच्या सेटिंगवर ठरतं, म्हणून टॅबची भाषा मराठी केली की काही ठिकाणी 'ल' आपोआप बदलतो. राज्य मराठी विकास संस्थेचा 'यशोमुद्रा'सारखा फाँट फुकट मिळतो. पण फाँट कुठलाही असो, तो छपाईसाठी असतो. त्यात हाताचा ओघ नसतो.

म्हणून सगळ्यात चांगला कित्ता म्हणजे घरात ज्याचं अक्षर चांगलं त्याने त्याच पेनने त्याच पानावर काढून दिलेला. आजीचं असलं तर दुधात साखर.

पान आखताना मापाची गडबड होते ती सांभाळा. ए-फोर आकाराचं दुरेघी पान साडेदहा इंची टॅबवर उघडलं की ते साधारण दोन तृतीयांश होतं. दोन सेंटिमीटरची ओळ पडद्यावर सव्वापेक्षा जेमतेम थोडी जास्त भरते. तेव्हा पट्टी घ्या, थेट पडद्यावर ठेवा आणि मोजा. सुरुवातीला दोन सेंटिमीटर, हात बसला की दीड, मग शाळेच्या वहीएवढं. रेघा फिक्या निळ्या किंवा राखाडी, पेनचा रंग गडद, पेनचा प्रकार साधा. ब्रश, चकाकी, इंद्रधनुष्य हे सगळं चित्रकलेच्या तासाला.

अक्षरांचा क्रम 'क ख ग घ' असा ठेवायचं काही कारण नाही. हाताच्या वळणाप्रमाणे गट करा: ग, म, भ, न; व, ब, क; र, स, ख; ट, ठ, ढ, द; प, ष, फ; घ, ध, छ; उ, ऊ, अ, आ, ओ, औ. एका वळणाने तीन-चार अक्षरं पदरात पडतात, मुलालाही हुरूप येतो. 'गमभन' शिकलेल्या मुलाला 'मगन', 'नभ', 'गगन' लगेच लिहिता येतं, आणि शब्द लिहिता आला की खेळ बदलतो.

पायरी ६ : कमी गिरवा, जास्त लिहा

टॅबवर गिरवणं इतकं सोपं आहे की मूल तेच करत बसतं, आणि अ‍ॅप प्रत्येक वेळी चांदण्या उधळतं. इथे सावध राहा. अमेरिकेतल्या इंडियाना विद्यापीठात कॅरिन जेम्स आणि लॉरा एंगेलहार्ट यांनी अजून वाचता न येणाऱ्या पाच वर्षांच्या मुलांकडून काही अक्षरं हाताने लिहून घेतली, काही गिरवून घेतली, काही टाइप करून घेतली. मग ती अक्षरं बघताना त्यांच्या मेंदूत काय घडतं ते स्कॅनमध्ये पाहिलं. २०१२ चा हा अभ्यास सांगतो की वाचनाशी संबंधित भाग जागे झाले ते स्वतः लिहिलेल्या अक्षरांना. गिरवलेल्यांना नाही, टाइप केलेल्यांनाही नाही. स्वतः काढलेलं अक्षर दर वेळी थोडं वेगळं, वेडंवाकडं येतं, आणि त्यातूनच 'हे सगळे म च' अशी ओळख पटते, असं त्यांचं म्हणणं.

म्हणून एका अक्षराला असा क्रम ठेवा. आधी तुम्ही काढून दाखवा, मुलाने फक्त बघायचं. मग फिक्या अक्षरावरून दोनदा गिरवायचं, त्याहून जास्त नाही. मग फक्त सुरुवातीचा ठिपका द्यायचा. मग रिकाम्या ओळीत चार-पाचदा स्वतः. शेवटी पान उलटायचं आणि काहीच न बघता एकदा. फिका कित्ता वेगळ्या थरावर (लेयरवर) ठेवता येत असेल तर तो थर एका टिचकीत लपवता येतो. हे छापील वहीला जमत नाही.

पाच-सहा आले की मुलालाच विचारा, यातला तुला कुठला आवडला? त्याच्याभोवती गोल करायला सांगा. चांदण्यांपेक्षा हे बरं.

मोबाइलच्या कीबोर्डमध्ये हाताने लिहिलेलं ओळखायची सोय असते, गूगलच्या कीबोर्डमध्ये मराठीही आहे. काही पालक तिलाच परीक्षक करतात: ओळखलं म्हणजे बरोबर. ती सोय घाईत खरडलेलंही ओळखता यावं म्हणून केलेली आहे, सुलेखन तपासायला नव्हे. गंमत म्हणून ठीक.

पायरी ७ : अक्षर कसं आलं ते पुन्हा बघा

टॅबचा खर्च वसूल होतो तो इथे. वहीत फक्त झालेलं अक्षर दिसतं. ते कुठून सुरू झालं, पेन कुठे उचललं, हे बाईंना चाळीस मुलांच्या वर्गात दिसणं कठीण, आणि स्वयंपाक करता करता घरीही दिसत नाही. टॅबमध्ये स्क्रीन रेकॉर्डिंग असतं. आठवड्यातून एकदा ते चालू करून मुलाला सात-आठ अक्षरं लिहू द्या आणि रात्री सावकाश बघा.

'क' घ्या. शाळेत सहसा शिकवतात तो क्रम असा: डावीकडचा गोल, मग दंड, मग उजवीकडचं शेपूट, शेवटी शिरोरेषा. रेकॉर्डिंगमध्ये मात्र दिसतं की मूल आधी शिरोरेषा मारतं, तिच्यावरून दंड खाली सोडतं आणि मग दोन्हीकडचे गोल एका दमात, इंग्रजी आठासारखे, काढून टाकतं. झालेला 'क' दोन्ही तऱ्हांनी सारखाच. म्हणून वहीत बरोबरची खूण मिळते.

मग बिघडलं कुठे? ते दुसरीत, जोडाक्षरं आली की कळतं. देवनागरीत शेवटी दंड असलेल्या अक्षरांचं अर्धं रूप म्हणजे दंड यायच्या आधी जेवढं झालं तेवढं. 'न्य'मधला न, 'स्त'मधला स, 'व्य'मधला व, 'म्ह'मधला म. जे मूल आधी डावीकडचा भाग काढून शेवटी दंड देतं, त्याला अर्धं अक्षर म्हणजे फक्त 'इथे थांब' एवढंच सांगावं लागतं. ज्याचा दंड आधीच मारून झालेला असतो, त्याला अर्धा 'न' हे नवीनच चिन्ह म्हणून शिकावं लागतं. आधी दंड मारायचा आणि मग खोडायचा, असं करणारी मुलंही असतात.

शिरोरेषेचंही तसंच. सुरुवातीला प्रत्येक अक्षरावर वेगळी ठीक आहे, पण शब्द लिहायला लागल्यावर ती अख्ख्या शब्दावर एकदाच, डावीकडून उजवीकडे. आधी रेघ मारून खाली अक्षरं टांगणारी मुलं शब्दाच्या लांबीचा अंदाज चुकवतात आणि शेवटचं अक्षर रेघेबाहेर लोंबतं. वेलांटी, उकार, रफार शेवटी की अक्षराबरोबर, यात शाळाशाळांत फरक असतो. तुमच्या शाळेत जे शिकवतात तेच धरा, उगाच बाईंशी वाद नको.

चूक सापडली की मुलाला ओरडून सांगू नका. त्याचंच रेकॉर्डिंग दाखवा, शेजारी तुमचं दाखवा आणि 'काय वेगळं दिसतं?' विचारा. बहुतेक वेळा तेच सांगतं. एका आठवड्यात एकच दुरुस्ती.

परदेशातल्या मराठी घरांना ही सोय विशेष उपयोगाची. अमेरिकेत बृहन्महाराष्ट्र मंडळाच्या मराठी शाळा भरतात, पण त्या आठवड्यातून एकदा. मधल्या दिवसांत पुण्यातल्या आजीने आपल्या टॅबवर 'झ' काढतानाचं रेकॉर्डिंग पाठवायचं आणि नातवाने आपलं. फोटो पाठवून हे होत नाही. 'झ' दिसतो कसा हे फोटो सांगतो, निघतो कसा ते सांगत नाही.

पायरी ८ : आठवड्यातून एकदा कागद

परीक्षा अजून कागदावरच आहेत, दहावीच्या बोर्डाचीही. म्हणून टॅबवर बसलेलं अक्षर कागदावर उतरतं का, हे बघत राहावं लागतं. शनिवारी एक पाठकोरं पान पुरतं. पहिल्यांदा कागदावर अक्षर एकदम लहान किंवा एकदम दाबून येईल, घाबरू नका. घर्षण वेगळं, पेन्सिलीचं वजन वेगळं, हात दोन-चार ओळींत जुळवून घेतो. पेन्सिल मऊ द्या, बी किंवा दोन बी, म्हणजे दाबावं लागत नाही.

तीन-चार आठवड्यांनंतरही कागदावरचं अक्षर टॅबवरच्यापेक्षा फार मागे असेल तर उलटं करा: रोज कागद, आठवड्यातून एकदा टॅब. तोही फक्त रेकॉर्डिंगसाठी. आणि दोन्हीकडे सारखं यायला लागलं की पान लहान करत शाळेच्या एकरेघी मापावर या, मग जोडाक्षरं घ्या. त्यातही आधी दंडाची, म्हणजे न, म, स, त, ग, प. 'क' आणि 'फ' नंतर, कारण त्यांचा दंड मधे असतो आणि अर्धं करताना शेपूट आखडावं लागतं. ट, ठ, ड, ढ, द, ह सगळ्यात शेवटी. त्यांना दंडच नाही, तिथे पाय मोडायचा किंवा खाली जोडायचं. 'वाऱ्यावर'मधला आडवा र तर हिंदीत नसतोच. तो कित्त्यात स्वतःच घाला, तयार अ‍ॅपमध्ये तो मिळेलच याची खात्री धरू नका.